मृगाआधी भरणारी शाळा

जुलै सरता सरता छत्रपती संभाजीनगरच्या वर्तमानपत्रांत, जिल्ह्याच्या पानावर, एक बातमी दरवर्षी येते. कुठल्या तरी कृषी विद्यालयात प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांचं स्वागत झालेलं असतं. दीपप्रज्वलन, गुलाबपुष्प, प्राचार्यांचं मार्गदर्शन, वसतिगृहाचे नियम आणि शेवटी परिसरात वृक्षारोपण. तिच्या आसपास दुसरी एक बातमी असते: पदवीच्या शेवटच्या वर्षाचे कृषिदूत किंवा कृषिकन्या अमुक गावात दाखल झाले, सरपंचांनी त्यांचं स्वागत केलं, त्यांनी बीजप्रक्रिया करून दाखवली. सिल्लोड, कन्नड, वैजापूर, पैठणकडचं पोर पेटी-वळकटी घेऊन पहिल्यांदा घराबाहेर राहायला येतं, त्या घराच्या दृष्टीनं ही मोठी बातमी आहे आणि तिचा आनंद रास्त आहे. पण त्याच दिवशी शहराची हद्द ओलांडून कोणत्याही रस्त्यानं दहा मैल गेलं, की शिवारात काय दिसतं? कपाशी गुडघ्याला लागलेली, सोयाबीन फुलावर आलेलं, मक्याच्या पोंग्यात अळी शिरलेली, दोन कोळपण्या उरकलेल्या. बीजप्रक्रिया करायचं बियाणं मातीत जाऊन महिना-दीड महिना झालेला. शेती शिकायला आलेल्या मुलाचं सत्र सुरू होतं, तेव्हा शेतीचं सत्र बरंच पुढं निघून गेलेलं असतं. माझं म्हणणं एवढंच आहे, की शेतीच्या निवासी शाळेचं वर्ष रोहिणी नक्षत्रात उघडलं पाहिजे, मृगाच्या आधी. आणि मुलं शाळेच्या रानाजवळ राहिली पाहिजेत. या दोन गोष्टी होत नसतील तर बाकीचा अभ्यासक्रम कितीही सुधारला तरी शेतीतला सर्वांत अवघड भाग शिकवायचा राहूनच जातो.

अवघड भाग कोणता, हे आधी सांगायला हवं. मराठवाड्याच्या कोरडवाहू शेतीत वर्षभराचं नशीब मेच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंतच्या दोन महिन्यांत ठरतं. कोणत्या रानात काय घ्यायचं, घरचं बी वापरायचं की विकतचं, पहिल्या पावसावर पेरायचं की थांबायचं, तूर किती ओळींआड घ्यायची, हे सगळे निर्णय तेव्हाचे. ऑगस्टनंतर शेतकरी जे करतो ते बहुतांश राखण असतं: तण, कीड, पाणी. मुलगा वसतिगृहात पोचेपर्यंत निर्णयांचा काळ संपतो आणि राखणीचा सुरू होतो. पुढचं सगळं शिक्षण मग आधीच कुणीतरी केलेल्या पेरणीवर चालतं. मजुरांकडून किंवा ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्रानं शाळेचं रान पेरून घेतलेलं असतं, आणि मुलं त्याच्या कडेला उभी राहून वहीत रोपांची संख्या लिहितात. आद्रकीची गोष्ट आणखी स्पष्ट आहे. फुलंब्री, खुलताबाद, कन्नडच्या पट्ट्यात आद्रकीची लागवड पावसाळ्याच्या तोंडावर होते. बेण्याची निवड, गादीवाफे, बेणेप्रक्रिया हे सगळं उन्हाळ्यातलं काम. जुलैच्या शेवटी आलेल्या मुलाला आद्रक दिसते ती हिरवीगार. तिच्या कंदकुजीचं मूळ ज्या बेण्यात आणि ज्या निचऱ्यात असतं, ते त्याच्या नजरेआड गेलेलं असतं.

उगवणशक्तीची चाचणी हे अगदी साधं काम घ्या. गोणपाटाचा तुकडा भिजवायचा, त्यावर शंभर दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, दुसऱ्या ओल्या तुकड्यानं झाकून सगळं अलगद गुंडाळायचं, सावलीत ठेवायचं, रोज पाणी शिंपडायचं आणि आठवड्यानं उघडून मोजायचं. सत्तर किंवा त्याहून जास्त दाण्यांना सरळ, धडधाकट कोंब असतील तर शिफारशीप्रमाणे बियाणं वापरायचं. थोडे कमी असतील तर त्या हिशेबानं एकरी बियाणं वाढवायचं. फारच कमी असतील तर ते पेरायचंच नाही. सोयाबीनच्या दाण्याचं टरफल पातळ असतं. मळणी यंत्राचे फेरे जास्त ठेवले, पोती उंचावरून आदळली, थप्प्या फार उंच रचल्या, तर आतला कोंब दुखावतो आणि बाहेरून काही कळत नाही. ही चाचणी एप्रिल-मेमध्ये करायची असते. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवलंच नाही, अशा तक्रारींचा पूर आला. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं त्याची स्वतःहून दखल घेतली. दोष कंपन्यांचा किती, साठवणुकीचा किती, पेरणीच्या खोलीचा किती, यावर पुष्कळ वाद झाला. पण गोणपाटाचा एक ओला तुकडा त्या मेमध्ये घराघरांत पसरला असता, तर पुष्कळांना जूनआधीच कळलं असतं की आपल्या पोत्यात काय आहे. ही सवय गावात नेणार कोण? ज्यानं स्वतः शंभर दाणे मांडले आणि मोजले, तोच. आणि कृषी विद्यालयाचा मुलगा मेमध्ये शाळेतच नसतो.

दाण्यानंतर पाऊस. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विद्यापीठ आणि कृषी खातं दरवर्षी सांगतं. वाक्य सोपं आहे, पण ते अमलात आणणं किती कठीण, हे पेरणीच्या दिवसांत गावात असणाऱ्यालाच समजतं. पहिला दणका वीस-तीस मिलिमीटरचा पडतो, ढग भरलेले असतात, शेजाऱ्यानं तिफण जुंपलेली असते, ट्रॅक्टरवाला उद्या दुसऱ्या गावाला जाणार असतो, खताचं पोतं दारात येऊन पडलेलं असतं. अशा वेळी थांबायला जी छाती लागते ती वाचून येत नाही. वापसा आला की नाही हे पाहण्यासाठी वीतभर खोलीवरची माती मुठीत दाबतात. गोळा झाला आणि बोटानं ढकलताच फुटला तर वापसा, चिकटून राहिला तर अजून ओल जास्त, गोळाच झाला नाही तर ओल कमी. काळ्या भारी रानात आणि मुरमाड हलक्या रानात एकाच पावसाची दोन वेगळी उत्तरं मिळतात. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांनी पर्जन्यमापकाचा आकडा रोज सकाळी लिहावा, तीन वेगवेगळ्या रानांत मूठ दाबून पाहावी, आणि मग आपापसांत वाद घालावा की आज पेरायचं का. एक वाफा घाईनं पेरावा, एक थांबून पेरावा, आणि ऑक्टोबरमध्ये दोन्हींचं माप करावं. दुबार पेरणी हा मराठवाड्यातल्या कर्जाचा एक जुना उगम आहे. त्यावर याहून चांगला धडा कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही, पण तो धडा जूनमध्येच गिरवता येतो.

गंमत नव्हे, खंत वाटावी अशी गोष्ट ही, की ज्या विद्यापीठाच्या छत्राखाली मराठवाड्यातलं हे शिक्षण चालतं, त्याला शेतीचं घड्याळ नीट ठाऊक आहे. परभणीचं मराठवाडा कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी स्थापन झालं. २०१३ पासून ते वसंतराव नाईकांच्या नावानं ओळखलं जातं. विद्यापीठ आपला वर्धापनदिन खरीप शेतकरी मेळाव्यानं साजरा करतं. त्या दिवशी बियाण्याची विक्री सुरू होते आणि लोक भल्या पहाटेपासून रांगा लावतात. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, तसाच रब्बीचा मेळावा भरतो. शेतकऱ्यांसाठी विद्यापीठाचं वर्ष १८ मेला उघडतं, हे अगदी योग्य. विद्यार्थ्यांसाठी मात्र ते साध्या शाळा-कॉलेजांच्या वेळापत्रकावर टांगलेलं आहे. मे महिना सुट्टीचा. दिवाळीची सुट्टी येते ती सोयाबीनची काढणी-मळणी, कपाशीची पहिली वेचणी आणि ज्वारी-हरभऱ्याची पेरणी यांच्या ऐन धांदलीत. वसतिगृह रिकामं होतं आणि रान भरलेलं असतं. म्हणजे पेरणीला मुलगा नाही, काढणीलाही नाही. त्याच्या वाट्याला मधला तुकडा येतो. सुट्टी मुलांना हवीच, आणि सण घरी करायला हवा. पण ऑगस्टच्या मध्यात, पीक फुलात असताना आणि मार्चमध्ये, रब्बी उठल्यावर, लांब सुट्ट्या देता येतात. दिवाळीचे चार-पाच दिवस घरी जाऊन मुलं परत येऊ शकतात. ऊसतोड मजूर जिथून स्थलांतर करतात त्या गावांतल्या शाळा या स्थलांतराचा विचार करून हंगामी वसतिगृहं चालवतात, मग शेतीच्याच शाळेनं शेतीचा हंगाम का पाहू नये?

राहण्याचा मुद्दा वेळापत्रकाशीच बांधलेला आहे. शेतीतल्या पुष्कळ महत्त्वाच्या गोष्टी सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळेत घडतच नाहीत. अमेरिकन लष्करी अळी २०१८ साली देशात आली आणि दोन-तीन हंगामांत सिल्लोड-कन्नडच्या मक्यात तिनं घर केलं. तिचं पहिलं चिन्ह म्हणजे कोवळ्या पानावरचे कागदासारखे पांढुरके, खरवडलेले ठिपके. तेव्हा पाहिलं तर उपाय स्वस्त आणि सोपा. आठवडाभर उशीर झाला की अळी पोंग्यात खोल जाते, वर विष्ठेचा भुसा जमतो आणि फवारा आत पोचत नाही. मोठी अळी दिवसा दडते आणि संध्याकाळनंतर खायला लागते. तिच्या डोक्यावरची उलट्या ‘वाय’ अक्षराची खूण आणि शेपटाजवळचे चौकोनात मांडलेले चार ठिपके कंदिलाच्या किंवा मोबाईलच्या उजेडात पाहिले की मुलगा ते जन्मभर विसरत नाही. कपाशीतल्या गुलाबी बोंडअळीचंही तसंच. कामगंध सापळ्यातले पतंग सकाळी मोजायचे, तेही रोज. सलग तीन दिवस प्रत्येकी आठ पतंग सापडले तर हालचाल करायची. पाकळ्या न उमलता गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहिलेलं फूल, ज्याला शेतकरी डोमकळी म्हणतात, ते ओळखून लगेच तोडून नष्ट करायचं. सलग तीन सकाळी बसनं येणाऱ्या मुलाच्या हाती लागत नाहीत. गाय पहाटे पाचला पिळायची असते, ती व्यायेल कधी ते सांगत नाही, आणि रब्बीत पंपाची वीज पुष्कळदा रात्रीच्या पाळीत येते. ज्याला हे सगळं शिकवायचं त्याला तिथं राहायलाच लागतं.

ही कल्पना काही नवी नाही. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी महात्मा फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे जे निवेदन दिलं, त्यात खेड्यातल्या शाळांना जोडून छोटी नमुना शेतं असावीत, मुलांना शेतीचं प्राथमिक ज्ञान प्रत्यक्ष मिळावं, आणि नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस हातात धरायला लाजणार नाहीत असे शिक्षक नेमावेत, अशी मागणी होती. पुढं मुंबई इलाख्यात शेतकऱ्यांच्या मुलांसाठी मराठीतून शिकवणाऱ्या निवासी शेतकी शाळा निघाल्या. पुणे जिल्ह्यातल्या लोणीची शाळा त्यांचा नमुना मानली जाई. शेतीवरच्या रॉयल कमिशननं १९२८ च्या अहवालात त्यापेक्षा साध्या शाळांमध्ये शेती हा एक विषय शिकवणाऱ्या पंजाबच्या पद्धतीकडे कल दाखवला. स्वस्तात जास्त मुलांपर्यंत पोचता येतं, हा विचार समजण्यासारखा होता. पण विषय झाला की तास आला, आणि तास आला की घंटा आली. साताऱ्यात भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये छत्रपती शाहू बोर्डिंग काढलं तेव्हा सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, रानात खपत, स्वयंपाक करत आणि शिकत. तिथं राहणं हेच शिक्षणाचं अंग होतं. १९८३ मध्ये डॉ. एस. एस. कलबाग यांनी पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला, तिथंही मुलं राहूनच वेल्डिंगपासून शेती-पशुपालनापर्यंतची कामं करत शिकू लागली. मुंबई इलाख्यात लोणीसारख्या शाळा निघाल्या तेव्हा मराठवाडा निजामाच्या अमलाखाली असल्यामुळे त्यांचा वारा इकडं आला नाही. परभणीचं कृषी महाविद्यालय निघालं १९५६ मध्ये. आपल्याकडे शेतीचं शिक्षण महाविद्यालयाच्या रूपात वरून खाली आलं, आणि त्याचं वेळापत्रकही बरोबर घेऊन आलं, असं मला वाटतं.

शेतकऱ्याच्या पोरानं शेती घरीच शिकावी, त्यासाठी वसतिगृह कशाला, असं पुष्कळजण विचारतील. प्रश्न बिनतोड वाटतो, पण घरच्या शेतात मुलगा काम शिकतो, निर्णय शिकत नाही. निर्णय बापाचा असतो, आणि तो बरोबरच आहे, कारण नुकसान झालं तर कर्ज बापाच्या नावावर चढतं. ज्या घराला एक हंगाम चुकवणं परवडत नाही, तिथं मुलाला चुकायची मुभा कोण देणार? महाराष्ट्रात सरासरी वहितीधारण १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होतं, २०१५-१६ च्या कृषी गणनेत ते १.३४ हेक्टरवर आलं. एवढ्याशा रानात प्रयोगाला कोपरा उरत नाही. शिवाय लष्करी अळीसारखी संकटं बापालाही नवी असतात. शाळेच्या रानात दहा गुंठे एका मुलाच्या नावानं लिहून दिले, काय पेरायचं ते त्यानं ठरवलं, खर्चाची वही त्यानं ठेवली आणि ते पीक बुडालं, तरी घर बुडत नाही.

यात दोन मुलांचा विचार मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एक, भूमिहीन मजुराचा मुलगा. त्याच्या आईबापांनी दुसऱ्याच्या रानात उभा जन्म काढला, त्याला नांगरापासून मळणीपर्यंत सगळं येतं, पण कधीच कुणी त्याला विचारलेलं नसतं की यंदा काय पेरायचं. दुसरी, शेतकऱ्याची मुलगी. निंदणी, खुरपणी, कापसाची वेचणी ही कामं तिच्या आईच्या आणि तिच्या हातची. सातबारा मात्र बापाच्या, भावाच्या नावावर. तिला पिकाची जेवढी जवळून ओळख असते तेवढी घरातल्या पुरुषालाही नसते, आणि निर्णयात तिचा वाटा जवळपास शून्य. शाळेचं रान कुणाच्याच बापाचं नसतं. तिथं या दोघांना पहिल्यांदा मालकासारखा विचार करता येतो. मुलींचं वसतिगृह रानाला लागून, भिंतीचं, दिव्याचं आणि पुरेशा पाण्याचं असलं पाहिजे, ही अट त्यामुळे सोयीची नसून शिक्षणाचीच आहे. कृषिकन्या ही पदवीच्या शेवटच्या वर्षी छापून येणारी बातमी आहे. दहावीनंतरच्या पोरीला दहा गुंठे मिळाले तर तीही छापावी.

सर्वांत जड आक्षेप याच शहराच्या मातीतून येतो, आणि त्याला टाळून पुढं जाता येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ मध्ये लहान शेतजमिनींवर लिहिलेल्या निबंधात मांडलं होतं, की भारतीय शेतीचा रोग जमिनीचे तुकडे एवढाच नसून शेतीवर टेकलेली जादा माणसं हा आहे, आणि त्यावर उपाय उद्योगीकरण. याच बाबासाहेबांनी १९५० मध्ये इथं, तेव्हाच्या औरंगाबादेत, महाविद्यालय काढलं, पुढं ते मिलिंद म्हणून नावारूपाला आलं. त्याच्या नागसेनवन परिसरातल्या माळावर वसतिगृहं उभी राहिली ती कला, विज्ञान शिकण्यासाठी. गावगाड्यानं ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या रानात जुंपलं, त्यांच्या मुलांच्या हातात पुन्हा खुरपं द्यायचं? अमेरिकेतही हाच वाद झाला. मराठी वाचकाला वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’मुळे टस्कीगीची कृष्णवर्णीयांसाठीची शिक्षणसंस्था माहीत आहे, १८९६ मध्ये कृषिशास्त्रज्ञ कार्व्हर तिथं गेले आणि १९०६ पासून गाडीवर शाळा चढवून शेतकऱ्यांच्या दारात नेऊ लागले. त्याच काळात कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांनी टस्कीगीच्या हातकामाच्या शिक्षणावर कडक टीका केली, की अशानं कृष्णवर्णीयांना खालच्याच पायरीवर ठेवलं जाईल. मला ड्यू बॉइस यांची भीती खरी वाटते. म्हणून शेतीची निवासी शाळा ही ज्यांना गुण कमी पडले त्यांची जागा होता कामा नये. तिथलं गणित, इंग्रजी आणि रसायनशास्त्र शहरातल्या कोणत्याही कनिष्ठ महाविद्यालयाइतकं कसदार हवं, आणि तिथून पदवीला, अभियांत्रिकीला, कुठंही जाण्याची वाट मोकळी हवी. बाबासाहेबांचा मुद्दा जादा माणसांचा होता. जी माणसं शेतीत राहतील त्यांनी अडाणी राहावं, असा नव्हता. जो शेती सोडेल त्यानं आपल्या मर्जीनं सोडावी, जो राहील त्यानं जाणून राहावं. पंधराव्या वर्षी कुणाचंही दार बंद करणारी शाळा मीही नको म्हणेन.

दुसरी भीतीही खरी आहे: मुलांच्या नावानं शाळेचं रान फुकट कसलं जाईल. कमवा आणि शिका या सुंदर तत्त्वाचा गैरवापर करायला फारशी अक्कल लागत नाही. यावर उपदेश पुरत नाही, नियम लागतात. रोजच्या कामाचे तास ठरलेले आणि फलकावर लिहिलेले असावेत. मुलाच्या वाफ्याचं उत्पन्न त्याच्या खात्यात जावं. शाळेच्या मोठ्या रानाचं काम मजुरांनी करावं आणि त्यांना पूर्ण मजुरी मिळावी. आणि कीटकनाशकाचा पंप अठरा वर्षांखालच्या एकाही मुलाच्या पाठीवर जाऊ नये. चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोक्याच्या कामावर ठेवायला कायद्यानं बंदी आहेच. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आठवावं. मुलांनी डब्यावरचा रंगीत त्रिकोण वाचायला शिकावं, वाऱ्याची दिशा पाहायला शिकावं, मापं शिकावीत, विषबाधेची लक्षणं शिकावीत. फवारणी मोठ्यांनी करावी.

या विद्यालयांतून बाहेर पडणारी मुलं पुढं करतात काय, हेही पाहायला हवं. पदविकेवर कृषी खात्याच्या भरतीत उतरता येतं. पुष्कळजण कृषी सेवा केंद्र काढतात किंवा दुसऱ्याच्या केंद्रात कामाला लागतात. काही घरची शेती करतात. यातलं दुकान मला फार महत्त्वाचं वाटतं. मराठवाड्यात पिकावर काही दिसलं की शेतकरी पान खिशात घालून आधी दुकानात जातो. विद्यापीठ दूर असतं, दुकान तिठ्यावर असतं. गल्ल्यामागच्या त्या मुलानं पान उलटून पाहिलं आणि ‘अजून आठ दिवस थांबा, निंबोळी अर्क मारा’ म्हटलं, तर शेतकऱ्याचे पैसे वाचतात. त्यानं तीन बाटल्या काढून समोर ठेवल्या तर शेतकरी तीन बाटल्या घेऊन जातो. जो मुलगा दोन हंगाम सापळ्यातले पतंग मोजत राहिला, तो पहिलं उत्तर देण्याची शक्यता जास्त आहे. खात्रीच आहे असं नाही, कारण दुकानदारीलाही आपले ताण असतात. पण ज्यानं पेरणीच पाहिली नाही, त्याच्याजवळ बाटलीखेरीज दुसरं उत्तर असणार कुठून?

राहिला कारभाराचा प्रश्न. प्रवेशाच्या फेऱ्या, जातीचे आणि उत्पन्नाचे दाखले, रिक्त जागांची यादी, यात जुलै-ऑगस्ट निघून जातो, असं उत्तर मिळतं. पण दहावीचा निकाल २०२५ मध्ये १३ मे रोजी लागला. निकालापासून मृगापर्यंत साडेतीन आठवडे होते. तेवढ्यात सगळे प्रवेश होणार नाहीत, हे कबूल. मग जे पात्र आहेत त्यांना तात्पुरता प्रवेश देऊन रोहिणीतच बोलवावं आणि दाखल्यांसाठी मुदत द्यावी. पुरवणी परीक्षेतून येणाऱ्यांसाठी रब्बीत दुसरी तुकडी घ्यावी. १७ सप्टेंबरचा मेळावा त्यांच्या सत्राची सुरुवात ठरू शकतो. मेमध्ये वसतिगृहाला पाणी कुठून आणायचं, हा मराठवाड्यातला खरा अडसर आहे, आणि त्याचं उत्तर छतावरच्या पाण्याची टाकी, शेततळं आणि काटकसर हेच आहे. तेही अभ्यासात घेता येतं. जागेची आणि माणसांची उणीव तर या शहराला नाहीच. पैठण रस्त्यावर विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र आहे, कांचनवाडीला १९८० पासूनची जल व भूमी व्यवस्थापन संस्था म्हणजे वाल्मी आहे, हिमायतबागेत फळ संशोधन केंद्र आहे, गांधेलीला कृषी महाविद्यालय आणि दुसरं कृषी विज्ञान केंद्र आहे. जालन्याच्या वाटेवर बदनापूरचं कृषी संशोधन केंद्र आहे. तिथल्या बीडीएन ७११ सारख्या तुरीच्या वाणांनी मराठवाड्याची कोरडवाहू रानं व्यापली आहेत. एवढ्या संस्था हाकेच्या अंतरावर असलेल्या जिल्ह्यात पहिली मृगाची तुकडी सुरू व्हायला नवा कायदा लागत नाही.

आईबापांना माझी विनंती आहे. दहावीनंतर मुलाला किंवा मुलीला कृषी विद्यालयात घालायचं ठरवलंत, तर फी आणि निकालाची टक्केवारी विचारण्याआधी तिथल्या प्राचार्यांना इतकं विचारा: शाळेच्या रानातली पेरणी यंदा कोण करणार, आणि त्या दिवशी माझं लेकरू तिथं असेल का? उत्तर नाही असेल, तर पुढच्या वर्षीसाठी हो मिळावं म्हणून संस्थेकडे आणि विद्यापीठाकडे लेखी मागणी करा. अशी पन्नास पत्रं एका जिल्ह्यातून गेली, तर १८ मेच्या मेळाव्यात बियाण्याच्या रांगेशेजारी प्रवेशाचं टेबल लावायला कुणालाही जड जाणार नाही.